मिश्रीची डबी आणि आपण
(महिला मेळाव्यातील भाषण)



शाळेजवळच्या टपऱ्या हटवा, या मागणीवर आत्ताच आपण सह्या केल्या. चांगलं झालं. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकायला, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती कुणालाही विकायला बंदी आहे. अंमलबजावणी मागायलाच हवी. पण सह्यांचा कागद फिरत होता, तेव्हा दोन-तीन पदरांआड मिश्रीची डबी उघडलेली मी पाहिली. हसू नका, माझी आईही लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटायला मला बसवायची.

वस्तीतल्या किशोरी गटात मी विचारलं, पहिल्यांदा कधी लावली? एक म्हणाली, दाढ दुखत होती, आईनेच दिली. दुसरी म्हणाली, लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. तिसरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, लावली की भूक लागत नाही." घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी ती पोर.

मुलाच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली की घर डोक्यावर घेतात. मुलीची मिश्री मात्र दात घासणं म्हणून खपते. निकोटिन तिच्यातही आहेच, म्हणून तर डबी विसरली की डोकं दुखतं. मुंबईतल्या गरोदर बायांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्री किंवा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं त्यात सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली.

कॉलेजातल्या मुलींकडे आता फळांच्या वासाची ई-सिगारेट येते. २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे, तरी येते. ती सापडली की आपण काय म्हणतो? "मुलीच्या जातीला शोभतं का?" म्हणजे भावाला शोभतं? अशाने मुलगी ती लपवते, एवढंच होतं. अब्रूची ही भाषा आपण इतर सगळीकडे नाकारली, इथे कशी चालवून घेतो?

आमच्या गटाने ठरवलं, पोरीला तंबाखू आणायला दुकानात धाडायचं नाही. दाढ दुखली तर दवाखाना. आणि मुलीचं ताट सगळ्यांबरोबर. हे शेवटचंच सगळ्यात जड गेलं.

मोठ्या बायांपैकी चौघींनी मिश्री सोडली, दोघी पुन्हा लावू लागल्या. त्यांना कुणी बोल लावला नाही. १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर आमच्यासमोरच दोघींनी फोन केला. पुढचा फोन सोमवारी करायचा आहे.