विज्ञानाचा पाठ : टाचणातला आणि वर्गातला

(गोव्यातील माध्यमिक शाळांच्या विज्ञान शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माध्यमिक शाळेतील जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांच्या पाठांचे नियोजन हा विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. विषय आपल्या नित्याच्या परिचयाचा आहे. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि पाठाचे टाचण ही तिन्ही कामे आपण दरवर्षी करीत असता. ती कशी करावीत याचे नियम येथे पुन्हा सांगण्याचा माझा हेतू नाही. टाचणात लिहिलेला पाठ आणि वर्गात प्रत्यक्ष घडणारा पाठ यांत जे अंतर पडते, ते कमी कसे करता येईल एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात घेऊ. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित हे विषय सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य असावेत, अशी शिफारस केली. याचा अर्थ असा की, आपल्या वर्गात बसलेला विद्यार्थी पुढे शास्त्रज्ञ होणार आहे म्हणून आपण त्याला विज्ञान शिकवीत नाही. दहावीनंतर अनेकांचा या विषयाशी असलेला औपचारिक संबंध संपतो. तेव्हा त्याच्याजवळ काय उरावे? सूत्रे आणि व्याख्या कालांतराने विसरल्या जातात. मात्र एखादी गोष्ट खरी की खोटी हे स्वतः पाहून, मोजून ठरविता येते, हा विश्वास उरला तर आपले श्रम कारणी लागले असे म्हणता येईल. हा विश्वास व्याख्यानाने येत नाही.

निष्कर्ष आधी, प्रयोग नंतर

प्रयोगवहीचा नेहमीचा क्रम पाहा : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. क्रम निर्दोष आहे. परंतु निरीक्षणाचा तक्ता फळ्यावर तयार मिळत असेल, किंवा छापील वहीत निष्कर्ष आधीच दिलेला असेल, तर विद्यार्थ्याच्या हाती काय राहते? त्याने मोजलेला आकडा पुस्तकातील आकड्याशी जुळला नाही, तर तो स्वतःचा आकडा खोडतो. त्या एका खाडाखोडीतून तो जो धडा घेतो तो विज्ञानाच्या अगदी विरुद्ध आहे. सत्य वस्तूत नसून पुस्तकात असते, असे त्याच्या मनात ठसते. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे. पाठ आखतानाच त्याच्या निरीक्षणाला आपण जागा ठेवलेली नसते.

अध्यापक विद्यालयांत आपण सर्वांनी हर्बार्टची पंचपदी अभ्यासली आहे. हर्बार्ट यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी तिला आजचे रूप दिले. पूर्वज्ञानाला नव्या ज्ञानाची जोड द्यावी हे तिचे सूत्र आजही ग्राह्य आहे. अडचण येते ती पायऱ्या रकाने होऊन बसतात तेव्हा. 'हेतुकथन' या रकान्यात 'आज आपण परासरणाचा अभ्यास करू' असे वाक्य लिहिले की रकाना भरतो. विद्यार्थ्याच्या मनात मात्र कोणताही प्रश्न उभा राहत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, विहित नमुन्यातील टाचण लिहिण्यापूर्वी शिक्षकाने एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात. पहिली, पाठ ज्या प्रश्नापासून सुरू होणार तो प्रश्न. दुसरी, तासिका संपताना विद्यार्थ्याजवळ राहावी अशी एकच कल्पना. तिसरी, त्या प्रश्नाला विद्यार्थी बहुधा देतील ते चुकीचे उत्तर. चौथी, विद्यार्थी स्वतःच्या हातांनी काय करतील, कोणत्या साहित्याने आणि किती मिनिटांत. पाचवी, कल्पना पोहोचली की नाही हे शेवटच्या पाच मिनिटांत कशावरून कळेल. या पाच ओळी जमल्या की बाकीचे रकाने भरणे सोपे जाते.

यांतील तिसरी ओळ सर्वांत कमी लिहिली जाते. विद्यार्थी रिकाम्या मनाने वर्गात येत नाही. जड वस्तू बुडतात व हलक्या तरंगतात, विरघळलेले मीठ नाहीसे होते, वनस्पती फक्त रात्रीच श्वसन करतात, अशा समजुती तो बरोबर घेऊन येतो. शिक्षकाने योग्य उत्तर सांगितले म्हणजे त्या जात नाहीत. त्या परीक्षेपुरत्या बाजूला होतात आणि नंतर परत येतात. त्या आधी बोलून दाखविल्या गेल्या पाहिजेत व मग प्रयोगाने तपासल्या गेल्या पाहिजेत.

मिठागराचे उदाहरण

हे तत्त्व तीनही शाखांना कसे लागू पडते, हे मी आपल्याच भूमीतील एका उदाहरणाने दाखवितो. पेडणे तालुक्यातील आगरवाडा, बार्देशातील नेरूल, हडफडे अशा गावांतून मिठागरे आहेत. बांध, मानस आणि खाजन हे शब्द तेथील मुलांना पुस्तकाशिवाय ठाऊक असतात. या एका विषयावर नववीच्या पातळीचे निदान तीन पाठ उभे राहतात.

रसायनशास्त्राचा पाठ. प्रश्न असा : खाडीच्या एका लिटर पाण्यात मीठ किती? विद्यार्थ्यांना आधी अंदाज लिहू द्यावा. खुल्या समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व त्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक भाग सोडियम क्लोराइडचा असतो, ही माहिती शिक्षकाने तूर्त स्वतःजवळ ठेवावी. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पसरट ताटात अर्धा लिटर गाळलेले पाणी ठेवले, तर काही दिवसांनी तळाशी स्फटिक दिसतात. ताट आधी रिकामे व नंतर स्फटिकांसह तोलावे. समुद्राचे पाणी असेल तर साधारण १७ ते १८ ग्रॅम अपेक्षित आहेत. खाडीच्या पाण्यात गोडे पाणी मिसळलेले असल्यास कमी मिळतील. त्याच जागेचे पावसाळ्यात भरून ठेवलेले पाणी पुढे उन्हात आटविले, तर आकडा फारच खाली येतो, कारण त्या महिन्यांत मांडवीसारख्या नद्यांच्या मुखापर्यंत गोड्या पाण्याचा लोंढा असतो. हा प्रयोग एका तासिकेत मावणारा नाही. म्हणूनच तो वार्षिक नियोजनात हवा.

याच ताटातील मीठ पूर्ण कोरडे होत नाही, हे एखादा चौकस विद्यार्थी निश्चित सांगेल. हे निरीक्षण मोलाचे आहे. समुद्राचे पाणी आटत असता प्रथम कॅल्शियमचे क्षार बाहेर पडतात, त्यानंतर मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत कडू पाण्यात राहतात. हे क्षार हवेतील बाष्प सहज शोषून घेतात. शुद्ध मीठही सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावते. तेव्हा पावसाळ्यात मिठाला पाणी सुटण्याची कारणे दोन आहेत. जाडे मीठ आणि पुडीतले बारीक मीठ दोन बशांत शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी आठवडाभर त्यांची नोंद ठेवावी. असा गृहपाठ कोणालाही दुसऱ्याच्या वहीतून उतरविता येत नाही.

भौतिकशास्त्राचा पाठ. प्रश्न असा : खारट पाण्यात तीच वस्तू अधिक तरंगते काय, आणि किती अधिक? परीक्षानळीत थोडी वाळू भरून आत आलेखाच्या कागदाची पट्टी ठेवावी. साध्या पाण्यात नळी १२ सेंटीमीटरपर्यंत बुडेल इतकीच वाळू घालावी. मिठाच्या संपृक्त द्रावणाची सापेक्ष घनता सुमारे १.२ असते, त्यात नळी सुमारे १० सेंटीमीटरच बुडते. समुद्राच्या पाण्याची सापेक्ष घनता साधारण १.०२५ आहे, तेथे फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा पडतो. नळीचा तळ गोल असल्याने या आकड्यांत किंचित बदल होतो.

हा ३ मिलिमीटरचा फरक हेच या पाठाचे मर्म आहे. पट्टीवर एक मिलिमीटरपेक्षा सूक्ष्म वाचन होत नाही. त्यामुळे एका गटाला २, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ४ मिलिमीटर मिळतील. ही तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि विचारावे की, यांत चूक कोणाची? चर्चेतून हे स्पष्ट होते की चूक कोणाचीही नाही. मोजमापाला मर्यादा असते आणि पुनःपुन्हा मोजल्याने विश्वास वाढतो. मिठागरात मीठ धरण्याची वेळ कामगार अनुभवाने ओळखतात. तीच गोष्ट आपण नळीने ओळखू शकतो, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आले म्हणजे उत्प्लावन हा शब्द त्यांना परका राहत नाही.

जीवशास्त्राचा पाठ. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हे पाणी येते कोठून? बटाट्याच्या ५ सेंटीमीटर लांबीच्या सारख्या पट्ट्या कापून काही साध्या पाण्यात व काही १० टक्के मिठाच्या पाण्यात सकाळीच ठेवाव्यात. जीवशास्त्राच्या तासिकेपर्यंत पहिल्या ताठ होतात आणि दुसऱ्या लुळ्या पडून काही मिलिमीटरांनी आखूड होतात. मीठ आत शिरल्यामुळे पट्टी मऊ पडली, असे उत्तर बहुधा येईल. लांबी कमी झाली यावरून, पाणी बाहेर गेले, या निष्कर्षापर्यंत त्यांना प्रश्नांनीच न्यावे.

त्यानंतर दुसरा प्रश्न विचारावा : खाऱ्या पाण्यात बटाटा लुळा पडतो, मग खाडीकाठचे तिवर ताठ कसे उभे राहते? तिवराची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवितात, आत आलेल्या मिठाचा काही भाग पानांतील ग्रंथींवाटे बाहेर टाकला जातो, आणि पेशीरसही पुरेसा क्षारयुक्त असतो. कोरड्या दिवशी पानांवरील मिठाचे कण भिंगातून दिसू शकतात. ज्या शाळांना शक्य असेल त्यांनी चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात सहल न्यावी. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्यात तिवरांची वर उगवलेली श्वसनमुळे आणि कांदळांच्या झाडावरच रुजणाऱ्या बिया पाहावयास मिळतात. मात्र सहलीलाही टाचण हवे. काय शोधावयाचे आहे हे ठरलेले नसेल तर ती केवळ करमणूक होते.

वेळ, साहित्य आणि भाषा

हे सर्व ऐकून, एवढा वेळ कोठे आहे, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. ४० मिनिटांच्या तासिकेची वाटणी अशी करता येते : प्रश्न व अंदाज ५ मिनिटे, सूचना ५, प्रयोग १५, चर्चा १० आणि लेखन ५. प्रत्येक पाठ असा घेणे शक्य नाही व आवश्यकही नाही. प्रत्येक घटकात निदान एक पाठ असा असावा, एवढे बंधन आपण स्वतःवर घालून घ्यावे. ५० विद्यार्थ्यांच्या वर्गाचे दहा गट केले तर वरील भौतिकशास्त्राच्या पाठाला दहा परीक्षानळ्या, वाळू, आलेखाचा कागद आणि दोन किलो मीठ एवढेच साहित्य पुरते. प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ चाखावयाचा नाही, हा नियम मात्र मिठाच्या बाबतीतही पाळावा. सवय तेथूनच लागते.

खेड्यातील साध्या शाळांना हे झेपत नाही असे म्हणणाऱ्यांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा इतिहास पाहावा. १९७२ साली १६ शाळांतून तो सुरू झाला आणि १९७८ साली त्या जिल्ह्यातील सर्व माध्यमिकपूर्व शाळांत पोहोचला. मुले लहान गटांत स्वतः प्रयोग करीत व परीक्षेला पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा असे. २००२ साली तो बंद झाला. तथापि साध्या साहित्यावर सरकारी शाळांतूनही प्रयोगाधारित शिक्षण चालू शकते, हे त्या तीस वर्षांत दिसून आले.

भाषेसंबंधी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. गोव्यातील अनेक मुले प्राथमिक शिक्षण मराठीतून अथवा कोंकणीतून घेतात आणि पाचवीपासून इंग्रजीकडे वळतात. त्यांच्यापुढे नवी कल्पना आणि परका शब्द एकाच वेळी ठेवला, तर शब्द पाठ होतो व कल्पना निसटते. जे पाहिले ते विद्यार्थ्याने प्रथम आपल्या घरच्या भाषेत सांगावे. 'फोडीतले पाणी भायर आयले' असे तो म्हणाला की अर्धा पाठ झाला. त्यानंतर 'ऑस्मॉसिस' हे नाव द्यावे. नाव हे ओळखीच्या वस्तूला द्यावयाचे असते.

शेवटी मुख्याध्यापकांना व पर्यवेक्षकांना एक विनंती. टाचणवही तपासताना सर्व रकाने भरले आहेत की नाहीत हे पाहण्याबरोबरच पाठाचा प्रश्न कोणता आहे, हेही पाहावे. प्रयोगवहीतील सर्व गटांचे आकडे तंतोतंत सारखे आढळले, तर त्याबद्दल समाधान न मानता चौकशी करावी. आणि एखाद्या विद्यार्थ्याने न जुळणारा आकडा प्रामाणिकपणे लिहून त्याखाली कारण शोधण्याचा प्रयत्न केला असेल, तर त्याला पूर्ण गुण मिळतील अशी व्यवस्था शाळेने करावी. तसे घडू लागले म्हणजे विद्यार्थ्याचा हात स्वतःचा आकडा खोडण्यापूर्वी थांबेल.