बॉनेटची फट आणि खटका

बॉनेट म्हणजे इंजिनावरचे झाकण. बंद बॉनेटच्या कडेने जी फट दिसते ती कारखान्यात ठरवून ठेवलेली असते. 1960च्या आसपासच्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांत ती साधारण चार-पाच मिलिमीटर भरते. ही फट सगळीकडे सारखी असावी, बॉनेटचा पत्रा शेजारच्या पत्र्याशी एका पातळीत असावा आणि खटका हाताच्या साध्या दाबाने लागावा. हे तिन्ही जमले की ‘बॉनेट बसले’ असे गॅरेजमध्ये म्हणतात. मात्र या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. फट सुधारायला गेले की पातळी बिघडते आणि पातळी साधली की खटका लागेनासा होतो. म्हणून या कामाला क्रम आहे, आणि क्रम चुकला की आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते.

बॉनेटचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात बिजागऱ्या काचेखाली असतात आणि बॉनेट पुढून उचलले जाते. ॲम्बॅसेडरचे बॉनेट असे आहे, 1962मध्ये आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचेही असेच. दुसऱ्यात बिजागऱ्या नाकाशी, बंपरजवळ असतात आणि दोन्ही मडगार्डांसह गाडीचा सगळा पुढचा भाग पुढे कलंडतो. मार्च 1961मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दिसलेली जॅग्वार ई-टाइप आणि 1962ची ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या प्रकारातल्या नामांकित गाड्या.

मुंबईकरांना हा दुसरा प्रकार परका नाही. स्पिटफायर ज्या सांगाड्यावरून, म्हणजे चेसिसवरून बेतली गेली तो मूळचा ट्रायम्फ हेराल्डचा. स्पिटफायरसाठी तो आखूड केला. हेराल्ड इंग्लंडमध्ये 1959मध्ये आली, तिचे रूप जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने रेखले होते. 1961पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावाने भारतात बनवली. फियाट आणि ॲम्बॅसेडरच्या गर्दीत रस्त्याकडेला एखादी हेराल्ड थांबे, तिचे अख्खे नाक पुढे कलंडे आणि इंजिनाबरोबर पुढची चाकेही उघडी दिसत. मेकॅनिकला चाकावर बसून काम करता येई. इतकी सोय दुसऱ्या कुठल्याही देशी गाडीत नव्हती. आयात स्पोर्ट्स गाडी थोड्यांच्याच वाट्याला आली. पण स्पिटफायरच्या बॉनेटची सगळी दुखणी या मद्रासी हेराल्डच्या बॉनेटमध्ये जशीच्या तशी सापडतात, आणि उपायही तेच लागू पडतात.

हेराल्डच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या काळी बहुतेक नव्या गाड्यांची बॉडी एकसंध होऊ लागली होती. पण इंग्लंडमधल्या मूळ कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला होता, त्यामुळे हेराल्डची बॉडी वेगवेगळे भाग वेगळ्या चेसिसवर बोल्टने जोडून तयार झाली. भाग सुटे, म्हणून जुळवणीही हातात. आणि भाग सुटे, म्हणूनच प्रत्येक सांध्याला हलायला जागा. बॉनेटची फट म्हणजे अशा सगळ्या सांध्यांच्या चुकांची बेरीज असते.

मुंबईतल्या भांडुपसारख्या ठिकाणी या बेरजेत गंजाचा वाटा मोठा. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, पूर्वीचा आग्रा रोड, त्याच्या आसपास इंडस्ट्रियल इस्टेटमधले गाळे आणि डेंटिंग-पेंटिंगची कामे. पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी. खारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत पत्र्याच्या दुमडी आतून खाल्ल्या जातात. हेराल्ड आणि स्पिटफायर यांच्या चेसिसला बॉडी पेलण्यासाठी बाजूला काढलेले हात असतात, तेही असेच पोखरतात. हात खचला की दाराचा पुढचा खांब किंचित झुकतो, दार खाली बसते, आणि बॉनेट व दार यांतली फट वर रुंद आणि खाली अरुंद होते. पाहणाऱ्याला दोष बॉनेटचा वाटतो. म्हणून पाना हाती घेण्याआधी चेसिसचे हात, दाराखालची पेटी आणि काउल, म्हणजे काचेखालचा आडवा भाग, टोचणीने टोचून पाहावेत. तिथला गंज काढून वेल्डिंग होईपर्यंत बॉनेटला हात लावण्यात अर्थ नाही.

पुढची अट जमिनीची. गाळ्याची फरशी पाणी वाहून जावे म्हणून एका बाजूला उतरती असते. गाडी तिरकी उभी राहिली की सुट्या बॉडीला किंचित पीळ बसतो आणि तिथे साधलेली फट सपाट रस्त्यावर टिकत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी इथे उत्तम चालते. चारही चाकांखालची पातळी तिने तपासून लागेल तिथे फळ्या सारून घ्याव्यात. गाडी जॅकवर नको, स्वतःच्या चाकांवर उभी हवी. टायरमध्ये हवा सारखी, इंजिन आणि बॅटरी जागच्या जागी, कारण त्यांच्या वजनानेही चेसिस किंचित वाकते.

आता जुळवणी. ती मागून पुढे येते. आधी दाराची मागची फट, मग दाराची पुढची, आणि अगदी शेवटी बॉनेट. दार त्याच्या बिजागऱ्यांवर, आणि गरज पडल्यास बॉडी व चेसिस यांच्यामधल्या चकत्या कमी-जास्त करून बसवतात. दार पक्के झाले की ते मोजपट्टीचे काम करते, बॉनेटला त्याच्याशी जुळायचे असते. उलट बाजूने, म्हणजे बॉनेटपासून सुरुवात करणारा माणूस शेवटी दाराशी येऊन अडकतो, आणि मग कड घासून फट ‘काढली’ जाते. साठ वर्षे टिकलेल्या पत्र्यावर याहून मोठा अन्याय नाही. घासलेली कड पुन्हा भरता येते, पण तिचा मूळ वळसा परत येत नाही.

फट मोजायला महागडे साधन नको. चार मिलिमीटरच्या प्लायवूडचे बोटभर तुकडे कापून घ्यावेत आणि बॉनेट सैल ठेवून कडेने दर वीतभर अंतरावर हलकेच बसवावेत. मग नाकाकडच्या बिजागऱ्यांचे बोल्ट, बॉनेट नेटाने सरकेल पण लोंबकळणार नाही, इतपतच सैल करावेत. बिजागऱ्यांच्या पट्ट्यांना लांबट भोके असतात, त्यांतून बॉनेट पुढे-मागे आणि वर-खाली हलते. हे दोघांचे काम आहे. एकाने नाकाशी पाना धरावा, दुसऱ्याने मागच्या कडेवर डोळा ठेवावा. बिजागरी नाकाशी आणि पाहायची फट पाच फूट मागे, त्यामुळे पुढचा अर्धा मिलिमीटर मागे दीड-दोन मिलिमीटर होऊन दिसू शकतो. एका वेळी एकाच बाजूचा बोल्ट, तोही थोडासाच फिरवावा, बॉनेट बंद करावे, पाहावे आणि खडूने लिहून ठेवावे. ई-टाइपमध्ये हेच काम बिजागरीखाली पातळ चकत्या घालून किंवा काढून करतात, आणि तिचे बॉनेट इतके लांब आहे की एक चकतीही काचेजवळ ठळक दिसते.

पुढचा मुक्काम पातळीचा. हेराल्ड-स्पिटफायरमध्ये काउलच्या दोन्ही टोकांना शंकूच्या आकाराचे टेकू असतात, त्यांवर बॉनेटची मागची बाजू येऊन बसते. टेकूचा चेकनट सैल करून तो आट्यांवर आत-बाहेर फिरवला की मागची कड वर-खाली होते. शंकूवर खडू घासून बॉनेट बंद करून उघडले की ते नेमके कुठे टेकते ते उमटते. खडू एकाच अंगाला पुसला गेला असेल तर बॉनेट मध्यावर नाही, पुन्हा नाकाकडे जावे लागते. या टप्प्यावर कंटाळा करू नये. एमजीबीसारख्या गाडीत हे काम पुढच्या रबरी गुटक्यांवर होते. रबर नवे असेल तर ते सुरुवातीला बॉनेट उचलून धरते आणि महिन्याभरात दबते, हे गृहीत धरून एक-दोन आटे शिल्लक ठेवावेत.

रंगकामाआधी ही सगळी जुळवणी एकदा पुरी करून घेणे शहाणपणाचे. प्रायमर आणि रंग दोन्ही कडांवर चढतात, पुटीचा थर जाड असेल तर फट डोळ्यांदेखत अरुंद होते, आणि ताज्या रंगाची कड खड्ड्यातल्या पहिल्याच धक्क्याला उडते.

सगळ्यात शेवटी खटका. खटक्याचे काम धरून ठेवण्याचे आहे, ओढून आणण्याचे नाही. इतकी एक गोष्ट पाळली तरी निम्मी दुखणी होत नाहीत. बॉनेट जागेवर न बसताच खटक्याने आवळून घेतले की पत्रा ताणलेला राहतो, खटक्याभोवती रंगाला बारीक भेगा पडतात आणि आकडा झिजतो. हेराल्ड-स्पिटफायरला दोन्ही बाजूंना बाहेरून दिसणारे एकेक हँडल असते. आकडा अडकतो ती बाजू किंचित सरकवून दोन्ही हँडल सारख्याच जोराने लागतील असे पाहावे. एक सहज आणि दुसरे कष्टाने लागत असेल तर बॉनेटला पीळ आहे. इथून पुन्हा टेकूंकडे जावे, हँडलवर जोर देऊ नये.

एमजीबीचा खटका वेगळा. बॉनेटखाली स्प्रिंगमधून आलेली एक खुंटी असते, ती समोरच्या भोकात उतरून अडकते. खुंटी आट्यांची आहे. चेकनट सैल करून स्क्रूड्रायव्हरने फिरवली की तिची लांबी बदलते. लांबी जास्त झाली तर बॉनेट खडखडते, कमी झाली तर खटका लागत नाही. पण लांबीआधी मध्य साधावा. खटक्याचे बोल्ट सैल करून बॉनेट दोन्ही हातांनी हळूहळू खाली आणावे, खुंटी भोकाच्या कडेला न घासता उतरू द्यावी आणि मगच बोल्ट आवळावेत. पहिल्यांदा बॉनेट कधीही आपटून बंद करू नये. खुंटी अडकून बसली आणि खटका उघडणारी तार सुटली, तर ते उघडायला समोरची जाळी काढण्यापर्यंत वेळ येते. म्हणून बॉनेट उघडे असतानाच आतून तार ओढून खटका खुला होतो का, हे चार-पाच वेळा पाहावे, आणि जुन्या तारेचा एकही धागा तुटलेला दिसला तर तार बदलावी. काचेकडे बिजागऱ्या असलेल्या बॉनेटला दुसरा, सुरक्षेचा आकडाही असतो. तो कधीही काढून टाकू नये, कारण धावत्या गाडीत पहिला खटका सुटला तर वारा बॉनेट उचलून काचेवर आपटतो. नाकाशी बिजागरी असलेल्या बॉनेटला तोच वारा खाली दाबतो.

बॉनेट फारच खराब असेल तर फायबरची नक्कल बसवण्याचा मोह होतो. केंद्र सरकारच्या 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, मात्र गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल नसावा, अशी अट आहे. पहिल्या हेराल्ड हे वय कधीच ओलांडून गेल्या आहेत. मूळ पत्रा वाचवण्याला हे एक भक्कम कारण आहे.

जुळवणी झाल्यावर गाडी रस्त्यावर न्यावी, शक्य तर खडबडीत रस्त्यावर. परतल्यावर कडांना खडू लावून कुठे पत्रा पत्र्याला घासतो ते पाहावे आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. पावसाळ्याआधी बिजागऱ्यांत तेल, खटक्याला ग्रीस आणि दुमडींच्या आत गंजरोधक मेण सोडावे. बॉनेटच्या खालच्या कडेची पाणी निघून जाणारी भोके तारेने मोकळी करून घ्यावीत.