कुटुंबप्रमुख कोण?

(घटनादुरुस्तीच्या ठरावाबाबत सभासदांच्या मेळाव्यात कार्यकारिणीतर्फे केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या घटनेत ‘कुटुंबप्रमुख’ असा एक शब्द आहे. एका कुटुंबाचे एक मत आणि ते कुटुंबप्रमुखाने द्यायचे. तो पुरुषच असावा असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही. पण मतदारयादी उघडून पाहा, विधवा भगिनी वगळल्या तर सगळी नावे पुरुषांचीच. येत्या वार्षिक सभेत हे कलम बदलून प्रत्येक प्रौढ सभासदाला मत देण्याचा ठराव आम्ही आणत आहोत. त्यावर गेले दोन महिने कुजबुज चालू आहे, म्हणून आज उघड बोलायचे ठरवले.

हा प्रमुख प्रमुख कशाने झाला, ते आधी पाहू. बडोद्यात आपली बहुतेक घराणी आली ती गायकवाडांच्या चाकरीत. फौज, पागा, खजिना, दफ्तर. अक्षर वळणदार आणि हिशेब चोख, एवढ्या भांडवलावर पिढ्या जगल्या. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन केली. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी आपल्या मुलांना बँकेची, रेल्वेची आणि १९६५ पासून कोयलीच्या रिफायनरीची नोकरी मिळत गेली. घरात पगार आणणारा एकटा तो, म्हणून सही त्याची आणि शेवटचा शब्दही त्याचा. ती व्यवस्था त्या काळाला धरून होती. तिची टिंगल करण्याचे कारण नाही.

पुढे संगणक आला. बेरीज न चुकणारा, सुवाच्य अक्षराचा कारकून म्हणजे बँकेची पत, हे दिवस संपले. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा आपल्यातले कितीतरी पन्नाशीचे गृहस्थ रक्कम घेऊन घरी आले. सकाळी दहाला डबा घेऊन कुठे जायचे, हा प्रश्न त्यांना पडला. त्याच सुमारास आपल्या मुली संगणक शिकून पुण्याला, बंगळूरला नोकरीला लागत होत्या. पडद्यासमोरच्या कामाला दंडाचे बळ लागत नाही, मिशीही लागत नाही.

घरात मात्र गंमत वेगळीच झाली. पूर्वी घरकामातला पुरुषाचा वाटा उंबऱ्याबाहेरचा असे. लाइटबिलाची रांग, रेल्वे आरक्षणाची खिडकी, गॅसचा नंबर लावणे, पासबुक भरून आणणे. ही सगळी कामे मोबाइलने एका बोटावर आणून ठेवली. पोळ्या, आजारपण, म्हाताऱ्यांचे पथ्यपाणी यातले काहीच मोबाइलमध्ये शिरले नाही. म्हणजे यंत्राने ओझे उतरवले ते मुख्यतः पुरुषाचे, आणि मोकळ्या झालेल्या वेळाचे काय करायचे ते कुणी ठरवलेच नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. लक्षात घ्या, ८८ मिनिटे ही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. जे लावतच नाहीत, ते या सरासरीत धरलेले नाहीत!

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या आपल्या कितीतरी घरांत आज दोनच म्हातारी माणसे उरली आहेत. पत्नी अंथरुणाला खिळली, की पंचाहत्तरीच्या गृहस्थाला कुकर कसा लावायचा इथपासून शिकावे लागते. मुलगा परदेशातून पडद्यावर रोज दिसतो, पैसे पाठवतो, औषधेही तिथून मागवतो. पण आईची कूस बदलायला तो येऊ शकत नाही. हे काम ज्याच्यावर येऊन पडते त्याला ते कुणी शिकवलेले नाही, आणि मदत मागायची त्याला लाज वाटते. आमच्या मते आज आपल्या पुरुषांचे खरे दुखणे हे आहे. मताचा अधिकार वाटला गेला तर काय होईल, हे नव्हे.

‘असे केले तर घराणे मोडेल’ असे काही ज्येष्ठ म्हणतात. कायदा केव्हाच पुढे गेला आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली ज्येष्ठ प्रौढ स्त्रीच कुटुंबप्रमुख ठरते. आणि बडोद्याने तरी असे म्हणू नये. हिंदूंना घटस्फोटाचा कायदा या संस्थानाने १९३१ मध्ये दिला. पुण्यात १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्या पहिल्या अध्यक्षा आपल्या महाराणी चिमणाबाई होत्या.

आता सरकारकडे मागायचे ते. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांत २६ आठवड्यांची रजा मिळाली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवस मिळतात. खाजगी कंपनीतल्या बापाला मात्र मालकाच्या मर्जीवर राहावे लागते. शहरातल्या सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींना आपण यासाठी निवेदन देणार आहोत. पितृत्वाच्या रजेचा कायदा हवा, तसाच आजारी आईवडिलांच्या शुश्रूषेसाठीही रजेचा हक्क हवा. मते मागायला ते आपल्या गणपतीत येतातच. यंदा हा कागद त्यांच्या हाती द्यावा.

ठरावाचा मसुदा कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ पाहायला मिळेल. हरकती लेखी द्याव्यात, तोंडी नकोत. अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी, याचा वर्ग दर रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात सुरू करत आहोत. त्यात पुरुषांनी नावे आधी नोंदवावीत. आणि गणेशोत्सवाच्या महाप्रसादाची स्वयंपाकाची यादी फळ्यावर लागली आहे. वीस जागा आहेत, त्यांतल्या दहा पुरुषांसाठी राखून ठेवल्या आहेत. काल रात्रीपर्यंत तीन भरल्या होत्या.