गुणांची रास आणि संघाचा विजय



मराठींत 'गुण' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. परीक्षेंत किंवा खेळांत मिळणारी संख्या हा त्याचा एक अर्थ. अंगचा चांगुलपणा हा दुसरा. पहिल्या अर्थाचे गुण पुष्कळ मिळाले म्हणजे दुसऱ्या अर्थाचे गुणहि पदरीं आलेच, असें लोक सहज समजून चालतात. ही समजूत कितपत खरी आहे, हें बास्केटबॉलच्या इतिहासांतील एका खेळाडूच्या चरित्रावरून चांगलें पारखतां येतें.

हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड या गांवीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें काढला. प्रारंभीं व्यायामशाळेच्या सज्जास पीच फळांच्या टोपल्या टांगून तो खेळत. आज दर बाजूस पांच खेळाडू असतात. चेंडू मात्र एकच असतो. एकाच्या हातीं चेंडू असतां बाकीच्या चौघांनीं काय करावयाचें, हाच या खेळांतील मुख्य प्रश्न होय.

विल्ट चेंबरलेन हा सात फूट एक इंच उंचीचा, अंगानें बळकट आणि तितकाच चपळ असा खेळाडू. १९६१-६२ च्या हंगामांत तो फिलाडेल्फियाच्या वॉरियर्स संघाकडून खेळत होता. त्या हंगामांत त्यानें दर सामन्यास सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२ रोजीं हर्शी या गांवीं न्यूयॉर्कच्या निक्स संघाविरुद्ध तर त्यानें एकट्यानें १०० गुण मिळविले. त्या सामन्याच्या अखेरच्या चतुर्थांशांत साथीदार चेंडू त्याच्याकडेच देऊं लागले. इतकेंच नव्हे, तर चेंडू लवकर परत मिळावा म्हणून प्रतिपक्षाच्या खेळाडूंवर मुद्दाम फाउल करूं लागले. वॉरियर्सनीं सामना १६९-१४७ असा जिंकला. जिंकण्यासाठीं या खटाटोपाची गरज नव्हती. तो केवळ शंभराच्या आंकड्यासाठीं होता.

याच वसंतांत वॉरियर्सची गांठ बोस्टनच्या सेल्टिक्स संघाशीं पडली. त्या हंगामांत ८० सामन्यांपैकीं सेल्टिक्सनीं ६० जिंकले होते, वॉरियर्सनीं ४९. सेल्टिक्समध्यें सर्वांत अधिक गुण करणारा टॉम हाइनसन. त्याची सरासरी २२.१, म्हणजे चेंबरलेनच्या निम्म्याहूनहि कमी. उभय संघांतील सातवा आणि निर्णायक सामना ५ एप्रिल १९६२ रोजीं झाला. अवघीं दोन सेकंदें उरलीं असतां सॅम जोन्स यानें चेंडू जाळींत टाकला आणि सेल्टिक्स १०९-१०७ असे विजयी झाले. पुढें अजिंक्यपदहि त्यांनींच मिळविलें.

या संघाचा आधारस्तंभ बिल रसेल हा होता. तेरा हंगामांत त्याच्या संघानें अकरा वेळां अजिंक्यपद मिळविलें. त्याची स्वतःची सरासरी मात्र सामन्यास सुमारे १५ गुणांचीच राहिली. प्रतिपक्षाचा चेंडू तो हवेंत अडवी. पण तो प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याऐवजीं आपल्या साथीदाराच्या हातीं पडेल असा हलकेच वळवी. फळीवर आदळून परतलेला चेंडू पकडून तो तत्काळ पुढें धाडी. अडविलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद १९७३-७४ पर्यंत ठेवलीच जात नव्हती. म्हणजे रसेलच्या सर्वांत मोठ्या कामास वहींत रकानाच नव्हता!

एवढ्यावरून चेंबरलेनला स्वार्थी म्हणणें अन्यायाचें होईल. त्यानें असेंच खेळावें, ही संघाच्या मार्गदर्शकाचीच योजना होती. पुढें १९६६-६७ मध्यें अलेक्स हॅनम या मार्गदर्शकाच्या हाताखालीं, फिलाडेल्फियाच्याच सेव्हंटीसिक्सर्स संघांत, त्यानें आपली रीत बदलली. स्वतः चेंडू टाकणें कमी केलें, साथीदारांना देणें वाढविलें. सरासरी २४.१ वर उतरली. परंतु संघानें ८१ पैकीं ६८ सामने जिंकले, सेल्टिक्सचा ४-१ असा पराभव केला आणि अजिंक्यपद पटकाविलें.

गोष्ट येथेंच संपती, तर 'स्वतः कमी करा, दुसऱ्यास द्या' एवढा सोपा धडा हातीं आला असता. परंतु पुढच्याच हंगामांत चेंबरलेननें साथीदारांना गुण करवून देणाऱ्या पासांचा ध्यास घेतला, आणि अशा ७०२ पासांची नोंद करून त्या बाबतींत तो सर्व खेळाडूंत पहिला आला. सेल्टिक्सविरुद्ध त्याचा संघ ३-१ असा आघाडीवर होता. त्यानंतरचे तिन्ही सामने त्यानें गमाविले. १९ एप्रिल १९६८ च्या सातव्या सामन्यांत, उत्तरार्धांत चेंबरलेननें चेंडू जाळीकडे अवघा दोन वेळां टाकला. एक महत्त्वाचा साथीदार जायबंदी होता आणि चेंडूहि त्याच्याकडे फारसा येत नव्हता, हें खरें. तथापि त्या घटकेस संघास त्याच्या गुणांचीच निकड होती. सामना १००-९६ असा गेला.

यावरून दिसतें कीं, दोष पुष्कळ गुण करण्यांत नव्हता, कीं थोडे करण्यांतहि नव्हता. एका आंकड्याचा मोह सुटला, तर त्याच्या जागीं दुसऱ्याचा येऊन बसला. औदार्याचीहि बेरीज मांडूं लागलें म्हणजे तेंहि एक प्रकारचें द्रव्यच होऊन बसतें.

शेवटचा धडा १९७१-७२ मधला आहे. चेंबरलेन तेव्हां लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघांत होता. बिल शारमन हा मार्गदर्शक पूर्वीं सेल्टिक्समध्यें रसेलबरोबर खेळलेला. त्यानें चेंबरलेनला सांगितलें तें रसेलचेंच काम: जाळीचें रक्षण करावें, परतलेला चेंडू पकडावा, पुढें धाडावा. चेंबरलेनची सरासरी १४.८ वर आली. त्याच्या संघानें मात्र लागोपाठ ३३ सामने जिंकले आणि अजिंक्यपदहि मिळविलें. पस्तीस वर्षांच्या वयांत, शंभर गुणांचा मान कधींच मिळालेला असतां, त्यानें हें शिकणें पतकरलें, यांतच त्याचा मोठेपणा आहे.

घर असो, शाळा असो, संस्था असो, चेंडू एकच असतो. तो हातीं आला असतां स्वतः टाकावा कीं दुसऱ्यास द्यावा, याचा नियम कोणत्याहि वहींत लिहून ठेवतां येत नाहीं. त्या क्षणीं आपल्या माणसांची गरज ज्यास ओळखतां येते, त्याच्या ठायीं 'गुण' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.