सकळ लिपीची किल्ली आणि महानुभावांचा ग्रंथठेवा



ढोंगी माणसाला आपण सहज ‘मानभावी’ म्हणतो. हा शब्द ‘महानुभाव’ या पंथनामाच्या ‘मानभाव’ या रूपावरून आला आहे. अहिंसा, भिक्षा आणि नामस्मरण हे व्रत मानणाऱ्या पंथाचे नाव त्याच्याच मायबोलीत निंदावाचक व्हावे, याला काय म्हणावे? पंथाचे ग्रंथ समाजाला शतकानुशतके वाचता आले नाहीत. जे वाचता येत नाही त्याविषयी समाज ऐकीव गोष्टींवर विसंबतो, हेच या अन्यायाचे एक मोठे कारण होय.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी या पंथाची उभारणी केली. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर हे त्याचे पंचकृष्ण. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न आहेत, हा त्याचा सिद्धान्त. स्वामींनी स्त्रीशूद्रांना धर्माचा अधिकार दिला, विटाळाच्या कल्पना नाकारल्या आणि उपदेशासाठी मराठी स्वीकारली. म्हाइंभटांनी ठिकठिकाणी फिरून, प्रत्यक्षदर्शींना विचारून ‘लीळाचरित्र’ संकलित केले. केशिराजांनी स्वामींची वचने सूत्रबद्ध केली, तर महदंबेच्या ‘धवळ्यां’नी मराठीला आद्य कवयित्री दिली.

पंथाचे आचारही वैशिष्ट्यपूर्ण आहेत. भेटताच ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. स्वामी जेथे बसले, निजले, जेवले त्या स्थानांवर ओटे बांधून त्यांना वंदन केले जाते. जळगाव जिल्ह्यातील भडगाव तालुक्यातील कनाशी हे असेच एक श्रद्धास्थान. गृहस्थ अनुयायी वासनिक, तर संन्यस्त साधक भिक्षा, अटन आणि एकांत यांचे व्रत पाळतात.

चौदाव्या शतकापासून हे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहिले जाऊ लागले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. संकेत ठाऊक नसणाऱ्यास ती पोथी निरर्थक अक्षरांची रास वाटते. या लिपींनी ग्रंथांचे पावित्र्य राखले, पण मराठीचे आद्य गद्यही मठांत बंदिस्त केले. पंथ पंजाबात पोहोचून ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखला गेला, तेथेही या मराठी पोथ्या जपल्या गेल्या.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. वि. ल. भावे, य. खु. देशपांडे आणि वि. भि. कोलते यांनी अभ्यास पुढे नेला. परदेशी विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ‘सूत्रपाठा’चा इंग्रजी अनुवाद १९८३मध्ये प्रसिद्ध केला. राजवाडे यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात पडला आणि १९२७मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच नगरीत उभे राहिले. खानदेशाला हा वारसा घरबसल्या लाभला आहे.

संशोधनाची वाट मात्र सोपी नाही. डॉ. कोलते यांची ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती १९७८मध्ये निघाली, तेव्हा तिच्यातील काही लीळांवर पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतले. पाठ प्रामाणिकपणे छापणे हे अभ्यासकाचे कर्तव्य, पण तो पाठ ज्यांनी प्राणापलीकडे जपला त्यांची श्रद्धाही दुर्लक्षिता येत नाही. इराकमधील मँडियन पंथाचेच पाहा. नदीच्या वाहत्या पाण्यातील स्नानाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या या छोट्या समाजाचे ग्रंथ त्यांचे पुरोहित पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवत आले. लेडी ड्रॉवर या विदुषीने त्यांच्यात मिसळून, विश्वास संपादन करून १९३७मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. २००३नंतरच्या हिंसाचारात त्यांतील बहुसंख्य देशोधडीला लागले. समाज विखुरला की त्याच्या विधींचा अर्थ सांगणारी माणसेही विखुरतात. म्हणून नोंद वेळेवरच व्हावी लागते.

रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याची घोषणा २०२३मध्ये झाली. २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या सन्मानात महानुभावांच्या आद्य ग्रंथांचा वाटा मोठा आहे. आता घरांतील आणि मठांतील पोथ्या वाळवी-ओलीपासून वाचवणे, मालकी त्यांच्याचकडे ठेवून त्यांची छायाचित्रे घेणे आणि सकळ लिपी वाचणारे तरुण घडवणे, हे काम सर्वांचे आहे. ते करताना निदान एक पथ्य आजपासूनच पाळता येईल: ‘मानभावी’ हा शब्द ओठांवर आला, तर क्षणभर थांबावे.