मोबाईलवरून निविष्ठा घेताना
(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात माझ्याकडे बीजप्रक्रिया किंवा तणनियंत्रण हा विषय असतो. यंदा संयोजकांनी मोबाईलवरील खरेदी हा विषय दिला, तेव्हा मला प्रथम वाटले की हा काही कृषिविद्या शाखेचा विषय नव्हे. परंतु गेल्या दोन हंगामांत आपण मला जे प्रश्न विचारले त्यांची वही चाळली. "सर, फोनवर हे औषध स्वस्त दिसते, घेऊ का?" हा प्रश्न तणनाशकाच्या मात्रेपेक्षा जास्त वेळा आलेला दिसला. सबब आज याच विषयावर बोलणार आहे.

आपल्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राचा मालक आपल्याला नावाने ओळखतो. बियाणे उगवले नाही तर त्याला बाजाराच्या दिवशी आपल्यासमोर उभे राहावे लागते. पंपाचा वॉशर गेला तर तो डब्यातून काढून देतो. कधी उधारीही ठेवतो. त्याच्या भावात हे सगळे धरलेले असते. मोबाईलवर जो भाव दिसतो त्यात यातले काहीच नसते. याचा अर्थ मोबाईलवर घेऊ नये असा नाही. कित्येक वस्तू तेथे खरोखरच स्वस्त मिळतात आणि तालुक्यात न मिळणारे नोझल किंवा मोजमापाचे साधन घरपोच येते. मात्र ओळखीची जी हमी दुकानात आपोआप मिळते, ती येथे आपल्याला स्वतः उभी करावी लागते. पक्की पावती, विकणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक आणि लॉट नंबर, एवढ्यावर ती हमी उभी राहते.

आधी पैशाचे पाहू. कंपनीने एक मोठी किंमत छापायची, ती खोडून खाली निम्मी लिहायची, आणि आपण निम्मे पैसे वाचले असे समजायचे, हा हिशेब खरा नव्हे. खरा हिशेब पिकाला लागणाऱ्या घटकाचा करावा. उदाहरणादाखल जस्त घ्या. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये २१ टक्के जस्त असते, मोनोहायड्रेटमध्ये ३३ टक्के आणि चिलेटेड झिंकमध्ये १२ टक्के. समजा, हेप्टाची १० किलोची पिशवी ८०० रुपयांना आहे, तर त्यात २१०० ग्रॅम जस्त आले, म्हणजे ग्रॅमला सुमारे ३८ पैसे पडले. मोनोची ५ किलोची पिशवी ५५० रुपयांना असेल तर १६५० ग्रॅम जस्त आले आणि ग्रॅमला ३३ पैसे पडले. चिलेटेड झिंकचा अर्धा किलोचा सुबक डबा ३५० रुपयांना दिसला, तर त्यात जस्त फक्त ६० ग्रॅम आहे. ग्रॅमला जवळजवळ ५ रुपये ८३ पैसे झाले! उभ्या पिकात कमतरता दिसली आणि फवारणीतून थोडेसेच द्यायचे असेल तर चिलेट घेणे योग्य आहे. पण जमिनीतून द्यायचे असताना केवळ "डबा स्वस्त" म्हणून तो मागवणे म्हणजे तोटाच. विद्राव्य खतांचेही असेच. १९:१९:१९ च्या एका किलोत नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी १९० ग्रॅम असते, मग डब्यावर चित्र कोणतेही असो. एक किलोच्या पुड्यांच्या भावाची २५ किलोच्या गोणीशी तुलना करावी आणि त्यात पोहोच खर्च धरावा. जड माल लांबून मागवला की भावातली बचत वाहतुकीत जाते. गटातील पाच-सहा जणांनी मिळून गोणी घेतली, तर पुष्कळदा तालुक्याचे दुकानही मोबाईलएवढाच भाव देते. एकदा विचारून पाहा.

ज्या टॉनिकच्या वर्णनात घटकांचे प्रमाणच दिलेले नाही आणि फक्त "दुप्पट फुटवे, तिप्पट फुले" असे लिहिले आहे, त्याचा हिशेब मला करता येत नाही. तुम्हालाही येणार नाही. ते सोडून द्यावे.

आता बॅटरीवरच्या फवारणी पंपाविषयी जरा सविस्तर, कारण सर्वांत जास्त चुका येथे होतात. जाहिरातीत टाकी किती लिटरची हे मोठ्या अक्षरात असते, पण बॅटरी किती अँपिअर-तासांची ते खाली बारीक अक्षरात असते. खरे महत्त्व बॅटरीला आहे. १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि मोटर २ अँपिअर ओढत असेल, तर ८ भागिले २ म्हणजे कागदावर ४ तास झाले. शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करू नये, तिचे आयुष्य घटते, म्हणून प्रत्यक्षात ३ तास धरावेत. मिनिटाला दोन लिटर फवारा पडत असेल तर १६ लिटरची टाकी ८ मिनिटांत संपते, पाणी व औषध भरण्याचा वेळ वेगळा. या आकड्यांवरून आपल्या क्षेत्राला एका चार्जिंगमध्ये पंप पुरेल की नाही हे मागवण्याआधीच कळते. दुसरे असे की चार्जर, नळी, वॉशर आणि मोटर हे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का ते विचारावे. सुट्या भागाअभावी ऐन बोंडअळीच्या वेळी पंप आठ दिवस पडून राहिला, तर वाचवलेले तीन-चारशे रुपये कोणत्या हिशेबात धरायचे?

याच पंपावरून माझ्या घरी जे घडले ते सांगणे मला आवश्यक वाटते. माझे थोरले बंधू गावी शेती पाहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रात्री मोबाईलवर एक पंप पाहिला. चित्रात एक मनुष्य कपाशीत उभा राहून फवारणी करीत होता आणि किंमत होती ६४९ रुपये. दादांनी मागवला, पार्सल आले, पैसे दिले, आणि खोके उघडले तर आत २ लिटरचा, हाताने दाब देण्याचा, कुंड्यांवर पाणी मारण्याचा पंप निघाला. वर्णनात "२ लिटर" असे लिहिलेले होते. दादांनी चित्र पाहिले होते, वर्णन वाचले नव्हते.

येथपर्यंत नुकसान ६४९ रुपयांचे होते. दादांनी परत करण्यासाठी त्या कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक मोबाईलवर शोधला. जो पहिला सापडला त्यावर फोन केला. समोरचा गृहस्थ अतिशय आदराने बोलला, पैसे लगेच परत करतो म्हणाला. त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावले आणि एक अर्ज भरायला सांगितला, त्यात एटीएम कार्डाचा क्रमांक होता. त्या अ‍ॅपमुळे आपल्या फोनचा पडदा समोरच्याला जसाच्या तसा दिसतो हे दादांना ठाऊक नव्हते. बँकेचा ओटीपी आला तो दोघांनीही एकाच वेळी वाचला. सोयाबीनच्या पट्टीचे २३,५०० रुपये दोन वेळा मिळून गेले.

दादांनी ही गोष्ट तीन दिवस कुणालाही सांगितली नाही, वहिनींनाही नाही. चौथ्या दिवशी मला फोन आला. मी विचारले, "दादा, त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तू कॉलेजात शिकवतोस. तुला काय सांगायचं, की मी फसलो?" आम्ही तक्रार नोंदवली, परंतु तोवर रक्कम पुढच्या खात्यांतून काढली गेली होती. मी हे दादांच्या परवानगीने सांगत आहे. त्यांचे म्हणणे असे की दहा जणांसमोर सांगितले तर दहा जण तरी लाज न धरता लगेच फोन करतील.

तो फोन १९३० या क्रमांकावर करावयाचा असतो. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभरचा क्रमांक आहे. आपली बँक, गेलेली रक्कम, वेळ आणि संदेशातील व्यवहार क्रमांक एवढे जवळ ठेवावे. चोरट्याच्या खात्यातून रक्कम काढली जाण्यापूर्वी कळवले तर ती गोठवता येते, म्हणून येथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब आहे. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर तक्रार भरावी.

ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. ज्या अ‍ॅपवरून माल घेतला त्याच अ‍ॅपमध्ये आपल्या ऑर्डरच्या पानावर परत करण्याची सोय असते, तेथूनच जावे. यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीही लागत नाही. "पैसे जमा करायचे आहेत, कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असे कोणी म्हटले की फोन ठेवून द्यावा. पीएम किसानचा हप्ता, केवायसी किंवा पीक विमा असे नाव देऊन व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके नावाची फाईल येते, ती गावच्या गटात आपल्या पाहुण्याने पाठवलेली असली तरी उघडू नये. पाहुण्याचा फोन आधीच चोरट्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. सौर पंपाच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघतात आणि नोंदणी शुल्क मागतात, याबाबत केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी सूचना काढलेल्या आहेत. आपल्याकडील "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे. तो महावितरणच्या पोर्टलवरच भरावा, कुणाच्या वैयक्तिक क्रमांकावर नव्हे. जुना ट्रॅक्टर किंवा दुभती म्हैस फोटोवर पसंत करून "गाडीभाडे आगाऊ" पाठवणाऱ्यांबद्दल मी काय सांगावे! म्हशीची कास हाताने पाहून घेणारी आपली माणसे फोटोला पैसे पाठवतात, याचे मला नवल वाटते.

बियाणे आणि औषधे यांचा विचार मात्र पंपासारखा करता येत नाही, कारण यांना कायदा लागू आहे. कीटकनाशक नियमांत नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन परवानाधारकाला ई-व्यापारातून कीटकनाशके विकण्याची मुभा मिळाली. विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी त्या ई-व्यापार कंपनीवर टाकलेली आहे. म्हणजे अ‍ॅपवर औषध मिळणे बेकायदा नाही. पण पावतीवर परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नसेल तर ते घेऊ नये. बाटली आल्यावर नोंदणी क्रमांक, अंतिम मुदत आणि विषारीपणा दाखविणारा रंगीत चौकोन पाहावा. माहितीपत्रक नसेल तर बाटली परत करावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या औषधात काय आहे हेच कळत नाही, त्याच्या विषबाधेवर डॉक्टर तरी कोणता उपाय करणार?

अनुदानित युरिया वा डीएपी मोबाईलवर कमी भावात देतो म्हणणारा सरळ फसवणारा समजावा. हे खत आधार पडताळणी करून दुकानातील पॉस मशिनवरच विकले जाते. तसेच तणनाशक सहन करणारे कपाशीचे बियाणे, ज्याला आपण चोर बीटी म्हणतो, त्यास देशात मान्यता नाही. ते समाजमाध्यमांवर पावतीशिवाय विकले जाते आणि पावती नाही म्हणून तक्रारही नाही. उगवले नाही, अळी पडली, काहीही झाले तरी विकणाऱ्याला विचारता येत नाही.

मान्यताप्राप्त बियाणे घरपोच आले तर पिशवीवरील लॉट नंबर पावतीशी जुळवावा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सोयाबीनला किमान ७० टक्के हवी. कमी निघाली तर पेरू नये, लगेच कळवावे. पेरल्यावर दोष दिसला तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, म्हणजे तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. पिशवी, लेबल, थोडे बियाणे आणि पावती सुगी होईपर्यंत जपून ठेवावी. पार्सल फोडतानाच घरातील मुलाने मोबाईलवर चित्रीकरण केले तर उत्तम. पत्त्याची चिठ्ठी त्यात दिसली पाहिजे.

पुष्कळांना वाटते की कंपनी कुठे, आपण कुठे, भांडणार कसे? ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत निवारण करावे लागते. न झाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा दाखल करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. शेतकरी हा ग्राहक आहे की नाही, असा वाद बियाणे कंपन्या पूर्वी घालीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो शेतकऱ्यांच्या बाजूने निकाली काढला. पण या प्रत्येक पायरीवर पहिला कागद मागतात तो पावतीचा.

निविष्ठेबद्दल शंका असेल तर मागवण्यापूर्वी किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत विचारता येते. विद्यापीठाच्या विस्तार विभागातही या. फोनवरचे चित्र दाखवले तरी चालेल, फक्त खालचे वर्णनही उघडून आणा.

दादांनी पुढच्या हंगामात पंप तालुक्यातूनच घेतला, १६ लिटरचा, स्वतः दाब पाहून. तो २ लिटरचा पंप अजून घरी आहे. वहिनी त्याने परसातल्या वांग्यांवर निंबोळी अर्क मारतात.