ठासणीची गोळी तोलायची का?

मागच्या भागात इंडियानातल्या फ्रेंडशिप गावाबद्दल बोललो होतो, जिथे ठासणीच्या बंदुकांच्या स्पर्धा भरतात. त्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या तोलून नेम सुधारतो का?

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, आकडा दिसला की हात शिवशिवतात. आमची गोल गोळी ०.४९० इंच व्यासाची. शिसं शुद्ध असेल तर हिशोबाने वजन १७६.६ ग्रेन, म्हणजे साधारण ११.४ ग्रॅम. दोन रविवार घालवून मी दोनशे गोळ्या तोलल्या, ०.२ ग्रेनच्या फरकाने डब्या लावल्या, वर एक्सेल शीट. बायको म्हणाली, सोनाराकडे नोकरी धर.

ज्यांच्या बंदुकीवर मी शिकतो ते शेजारचे आजोबा म्हणाले, "डब्या माझ्याकडे दे. कुठली गोळी कुठल्या डबीतली, ते तुला सांगणार नाही." ५० यार्डांवर मारत राहिलो. शेजारशेजारच्या डब्यांमध्ये काही फरक दाखवता आला नाही. जरा लागलं मनाला.

मग तो हिशोब केला, जो आधीच करायला हवा होता. गोळी १ ग्रेनने हलकी, काळी दारू तेवढीच, तर वेग वाढतो पाव टक्क्याच्या आसपास. वेग सेकंदाला १५०० फूट धरा. ५० यार्डांत गोळी दोनेक इंच खाली येते, त्यात फरक पडतो पाव मिलिमीटरचा! माझा हातच त्याहून जास्त हलतो.

पण वजन कमी का भरलं, हा खरा प्रश्न. १ ग्रेन शिसं कमी म्हणजे आत सव्वादोन मिलिमीटरची पोकळी असू शकते. ती एका बाजूला असली, तर नळीतल्या पिळांमुळे फिरणारी गोळी डगमगते. काटा फक्त "काहीतरी कमी आहे" एवढंच सांगतो, कुठे ते नाही. एक हलकी गोळी करवतीने कापली. पोकळी निघाली बरोबर ओतल्याच्या खुणेखाली. आजोबा ती खूण नेहमी वर, मधोमध धरून गोळी ठासतात. मला वाटायचं, सवय असेल. पण त्यामुळे पोकळी फिरण्याच्या अक्षावरच राहते ना!

आता मी डब्या लावत नाही. ओतल्या त्याच क्रमाने गोळ्या तोलतो, उघडच हलकी असेल ती परत भांड्यात. सुरुवातीच्या पाच-सहा बहुतेक जातातच, साचा तापलेला नसतो. एक्सेल शीट मात्र अजून डिलीट केलेली नाही.